बिगरहंगामी बिऱ्हाड

गळ टाकून पाण्याकडे बघत बसणे हा स्वस्तातला छंद आहे, असा पुष्कळांचा समज असतो. एक काठी, वीस-पंचवीस हात तंगूस, एक गळ आणि कणकेचा गोळा, एवढ्या भांडवलावर तो सुरू होतो हे खरेच आहे. परंतु ज्या पाण्यात मासा असतो ते पाणी आपल्या दाराशी नसते. आणि मासा हा पहाटे व तिन्हीसांजेला भेटणारा पाहुणा असल्यामुळे पाण्याच्या काठी रात्र काढणे भाग पडते. खर्चाचा सारा प्रश्न त्या रात्रीचा आहे. दिवस झाडाखाली फुकट जातो. रात्रीला मात्र छप्पर लागते, आणि तळ्याकाठच्या छपराला आजकाल फार मोल आले आहे.

आम्हां तीन स्नेह्यांना हा छंद जडून बरीच वर्षे झाली. एक बँकेतून निवृत्त झालेले, एक औषधांचे दुकान चालविणारे, आणि तिसरे प्रस्तुत लेखक, शाळा सांभाळून उरलेल्या वेळाचे धनी. इंदूरच्या आसपास पाणी नाही असे नाही. पण जवळचा यशवंतसागर शहराला पाणी पाजणारा, आणि २०२२ सालापासून रामसर यादीतील पाणथळ म्हणून पक्ष्यांसाठी राखलेला. तेथे गळ घेऊन बसणे आमच्या मनास रुचेना. म्हणून आमची दृष्टी नर्मदेकडे, म्हणजे खंडवा जिल्ह्यातील इंदिरासागराकडे वळली.

या जलाशयाचा विस्तार शब्दांत मावणारा नाही. पुनासाजवळ नर्मदेवर ९२ मीटर उंचीचा बांध घातला गेला. त्याचा शिलान्यास २३ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते झाला, आणि त्यानंतर आठच दिवसांनी त्यांची हत्या झाली. बांध पुरा होण्यास पुढे वीस वर्षे लागली. पूर्ण भरला म्हणजे हा जलाशय नऊशेहून अधिक चौरस किलोमीटर भूमी व्यापतो. साठवणक्षमतेत तो देशात पहिला गणला जातो. काठावर उभे राहिले असता पैलतीर दिसत नाही, आणि निमाडच्या मातीत वाढलेल्या माणसालाही क्षणभर समुद्राचा भास होतो. कोकणातून कधी काळी माळव्यात आलेल्या घराण्यांतील आमच्यासारख्यांना तो भास जरा अधिकच होत असावा.

इंदूरहून सिमरोल, बडवाह, मोरटक्का, सनावद, पुनासा आणि मूंदी असा मार्ग. अंतर सुमारे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. मूंदीच्या पुढे पाण्याकाठी हनुवंतिया आहे. २०१६ साली तेथे पहिला जलमहोत्सव भरला, तेव्हापासून हे नाव दूरवर पोहोचले. हिवाळ्यात तेथे तंबूंची नगरी उभी राहते, दिवे लागतात, नौका धावतात. ती शोभा पाहण्यासारखी असते यात संशय नाही. पण त्या शोभेचा एका रात्रीचा हिशेब मांडला, तेव्हा आमच्या पेन्शनर स्नेह्यांनी चष्मा पुसून तो आकडा पुन्हा एकदा वाचला. आम्हांला दिवे नको होते, आम्हांला अंधारच हवा होता. आणि अंधाराचे दर काही कमी असतील, या आशेने आम्ही बिगरहंगामाचा विचार सुरू केला.

येथे एक गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. खोल्या स्वस्त असतात तो काळ आणि मासा गळाला लागतो तो काळ, हे दोन्ही एक असतीलच असे नाही. हिवाळा हा प्रवाशांचा हंगाम. त्यात खोल्या महाग, आणि थंड पाण्यात रोहू-कटल्यासारखे मासे मंदावतात, त्यांची भूक कमी होते. वैशाख-ज्येष्ठात खोल्या स्वस्त खऱ्या, पण जलाशय ओसरतो. पत्रकातल्या चित्रात जे पाणी पायरीशी दिसते, ते तेव्हा फर्लांग-दोन फर्लांग मागे गेलेले असते, आणि मध्ये भेगाळलेला चिखल तुडवावा लागतो. सर्वांत स्वस्त काळ ऐन पावसाळ्याचा. परंतु मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून मासेमारीस बंदी असते. आणि कायदा नसता तरी पोटात अंडी असलेली मासळी धरणे कोणाही सुज्ञास शोभणार नाही.

मग उरले काय? उरला तो भाद्रपदाचा उत्तरार्ध. जलाशय काठोकाठ भरलेला, पाणी अजून उबदार, गढूळपणा खाली बसू लागलेला, आणि गणपती बोळवून लोक घरोघरी थकून बसलेले. शिवाय पितृपक्ष! या पंधरवड्यात लग्ने नाहीत, खरेदी नाही, सहलीला निघणे कोणी शुभ मानीत नाही. मुक्कामाची ठिकाणे ओस पडतात. २०२३ साली तर योग असा जुळून आला, की शनिवार ३० सप्टेंबर, रविवार, आणि सोमवारी गांधीजयंती. एका किरकोळ रजेच्या अर्जात तीन दिवस हाती आले. त्या सप्टेंबरच्या मध्यास नर्मदेला मोठा पूर येऊन गेला होता, बांधाचे दरवाजे उघडावे लागले होते. तेव्हा पाण्याची चिंता नव्हती.

चिंता होती ती छपराची. पहिला विचार ओंकारेश्वरच्या धर्मशाळांचा. नर्मदेच्या परिक्रमावासींसाठी या काठावर आश्रम, अन्नक्षेत्रे आणि धर्मशाळा यांची जी परंपरा आहे, तिला तोड नाही. अल्प देणगीत स्वच्छ चटई आणि पोटभर डाळभात मिळतो. परंतु आमच्या हातातील काठ्या पाहताच तेथील व्यवस्थापकांचा चेहरा पालटला असता, आणि योग्यच पालटला असता. ज्या घाटावर लोक नदीला माता म्हणून ओटी भरतात, तेथे गळाची पिशवी घेऊन शिरणे आम्हांलाही प्रशस्त वाटेना. स्वस्त छप्पर होते. पण ते आमच्यासाठी नव्हते.

दुसरा प्रयत्न एका सरकारी विश्रामगृहाचा. शिक्षकी पेशातल्या ओळखीने खोली राखली गेली. पण निघण्याच्या आदल्या सायंकाळी निरोप आला, की कोणी मोठे साहेब दौऱ्यावर येत आहेत, तेव्हा क्षमस्व. अशा खोलीवर सामान्य माणसाचा हक्क साहेबांचा दौरा निघेपर्यंतच असतो. तिसरा मार्ग हनुवंतियाच्या त्याच सरकारी पर्यटन संकुलाचा. बिगरहंगामात तेथील दर उतरतात; परंतु उतरूनही ते आमच्या पायरीपर्यंत पोहोचले नाहीत.

अखेर तोडगा काढला तो आमच्याच एका सहकारी शिक्षकांनी. ते मूळचे हरसूदचे. ते म्हणाले, "सर, काठावरच्या पुनर्वसित वस्तीत आमचे एक दूरचे काका राहतात. मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात. त्याची खोली रिकामी असते. विचारून पाहतो."

अशा रीतीने शनिवारी दुपारी आम्ही त्या दारी उभे राहिलो. विटांच्या भिंती, वर पत्रे, अंगणात कडुनिंब, आणि अंगण संपते तेथून शंभर पावलांवर पाणी. यजमानांचे वय सत्तरीच्या घरात. सारी वस्ती त्यांना दाजी म्हणते, तेव्हा आम्हीही दाजीच म्हणू लागलो. खोली झाडून ठेवलेली, दोन खाटा, एक सतरंजी, मच्छरदाणी. भाडे त्यांनी रात्रीचे सहाशे सांगितले. आमच्या औषधवाल्या स्नेह्यांचा हात व्यापाराचा. त्यांनी पितृपक्ष, रिकामी खोली, नसलेला पंखा असे सर्व मुद्दे क्रमाने मांडून ते चारशेवर आणले. दाजींनी फार वाद घातला नाही. "ठीक आहे, मास्टरसाहेब, चारशे," एवढेच आमच्याकडे पाहून म्हणाले. आम्ही त्या वेळी स्वतःवर प्रसन्न झालो होतो, हे कबूल केले पाहिजे.

मासेमारीचे हक्क येथे राज्याच्या मत्स्य महासंघाकडे आहेत. सहकारी संस्थांचे सभासद असलेले मासेमार डोंग्यांतून जाळी लावतात. म्हणून वाटेतच चौकशी करून काठावरून गळ टाकण्याची रीतसर अनुमती आम्ही घेतली होती. दाजींच्या ओळखीच्या एका कहार तरुणाने जागा दाखविली. आमच्या पेन्शनर स्नेह्यांना आस होती बाडसची. बाडस म्हणजे नर्मदेचा महाशीर, २०११ पासून मध्यप्रदेशाचा राज्यमासा. तो तरुण हसला. "बाडसला वाहते पाणी लागते, बाबूजी, आणि तळाशी दगडगोटे. हे तर उभे पाणी. आमच्या आजोबांनी धरले, बापाने क्वचित पाहिले. आम्ही नावच ऐकतो." ज्या माशाला राज्याने मान दिला, त्याला राहायला नदीच उरली नाही, हे त्याने इतक्या सहजतेने सांगितले की उत्तर सुचेना.

तिन्हीसांजेपर्यंत दोन रोहू लागले, किलो-सव्वा किलोचे, आणि एक शिंगाळा. मग आमची पाळी आली. बुचाचा तरंगा एकाएकी खाली गेला, तंगूस ताठ झाली, काठी वाकली. स्नेही धावले. कटला असावा, मोठा असावा, असे अंदाज बांधले गेले. परंतु ओढ येईना; नुसते जडपण. डावीकडून ओढून पाहिले, उजवीकडून पाहिले, काही हालेना. गळ कशात तरी रुतला होता.

दाजी मागे येऊन केव्हा उभे राहिले ते कळले नाही. त्यांनी पाण्याकडे पाहिले, काठावरच्या एका दगडाकडे पाहिले, मनाशी काही मोजले आणि म्हणाले, "तोडून टाका, मास्टरसाहेब. तो आंबा आहे."

आम्ही विचारले, "कोणता आंबा?"

"आमच्या शेताच्या बांधावरचा. तीन होते. दोन लोकांनी पाणी यायच्या आधी तोडून नेले. हा राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरले की कधी कधी याचे खोड दिसते." मग हात लांब करून त्यांनी ईशान्येकडे दाखविले. "गाव त्या अंगाला. दीड-दोन किलोमीटर आत."

आम्ही तंगूस कापली. ती पाण्यात नाहीशी झाली.

वाचकांस ठाऊक असेल, या जलाशयाखाली सुमारे अडीचशे गावे आणि हरसूद हे नांदते शहर गेले. २८ सप्टेंबर १९८९ रोजी याच हरसूदला हजारो माणसे जमली होती. बाबा आमटे आणि मेधा पाटकर तेथे होते, आणि विनाशी विकास नको असा संकल्प तेथे झाला होता. पंधरा वर्षांनी, २००४ च्या जूनअखेरीस, लोकांनी आपल्याच हातांनी आपली घरे उतरविली. दारे, चौकटी, पत्रे गाड्यांवर घातले आणि ते निघाले. त्या काळी वर्तमानपत्रांतून हे सारे आम्ही वाचले होते, वर्गात मुलांना सांगितलेही होते. बांधापासून हजार मेगावॅट वीज निर्माण होते, शेतांना पाणी मिळते. त्या विजेवर आमच्याही घरातले दिवे लागत असतील. हे सर्व आम्ही जाणत होतो. परंतु वाचलेल्या गोष्टीत गळ अडकत नाही. तो त्या सायंकाळी अडकला.

पौर्णिमा नुकतीच उलटली होती. चंद्र पाण्यावर आला, आणि अंगणात दाजींची नात आपल्या मैत्रिणींसह भिंतीवर संजा घालू लागली. माळव्या-निमाडात पितृपक्षाचे हे सोळा दिवस कुमारिका शेणाने भिंतीवर आकृती काढतात, फुलांनी सजवितात आणि गाणी म्हणतात. आपल्या इंदूर-उज्जैनच्या मराठी घरांतही किती आयांनी लहानपणी ही संजा घातली असेल! अमावास्येला ती खरवडून पाण्यात सोडायची. त्या मुलींचे पाणी म्हणजे हेच. त्यांनी दुसरे गाव पाहिलेलेच नाही. त्यांच्या दृष्टीने हा जलाशय पहिल्यापासून येथेच आहे.

पंधरवडा पितरांचा, म्हणून दाजींच्या चुलीवर मासळी चढणार नव्हती. आम्ही तिन्ही मासे त्या कहार तरुणाच्या घरी दिले, आणि स्वतः ज्वारीची भाकरी व अंबाडीची भाजी खाल्ली. निमाडची अंबाडी ज्याने खाल्ली नाही, त्याने निमाड पाहिला असे म्हणू नये. मासे धरावयास गेलेल्या मंडळींनी तीन दिवसांत मासा चाखला नाही, आणि त्याची खंतही कोणास वाटली नाही.

जेवताना औषधवाल्या स्नेह्यांनी सहज विचारले, "दाजी, खोलीचे भाडे तुम्ही इतक्या लवकर का उतरवले? हंगामात तर तुम्ही अधिक घेत असाल."

दाजींच्या बोलण्यात रोष नव्हता. ते म्हणाले, "घासाघीस करणारा माणूस समोर बसून बोलतो, ते बरे वाटते. आमच्या घराची किंमत ठरली, तेव्हा समोर कोणी बसले नव्हते. कागद आला. त्यावर आकडा होता."

पुढे कोणी फारसे बोलले नाही. भांडी घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

रविवारी पहाटे गळ घेऊन आम्ही काठावर गेलो, तेव्हा दाजी गुडघाभर पाण्यात उभे होते. ओंजळीत तीळ आणि पाणी. पितरांची दिशा दक्षिण, म्हणून तोंड दक्षिणेकडे. म्हणजे वस्तीकडे, रस्त्याकडे, मूंदीच्या बाजूला. विधी यथासांग झाला. मग ते सावकाश वळले, गाव होते त्या दिशेस, आणि रिकामे हात जोडून क्षणभर उभे राहिले. शास्त्रात यासाठी विधी नाही. ते वर आले, आम्हांला पाहून म्हणाले, "आज पूर्वेची हवा आहे. त्या दगडाच्या डाव्या अंगाला बसा, तिकडे झाड नाही." आणि खरोखरच त्या जागी दोन दिवस आमचा एकही गळ तुटला नाही. बुडालेल्या प्रत्येक झाडाचा ठावठिकाणा त्या माणसाच्या मनात जसाच्या तसा होता.

सोमवारी दुपारी निघताना आम्ही तिघांनी आपसांत ठरवून दोन रात्रींचे बाराशे रुपये त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते मोजले, आठशे ठेवून घेतले आणि चारशे परत केले. आम्ही आग्रह केला. ते म्हणाले, "ठरले ते ठरले, मास्टरसाहेब. जेवणाचे तेवढे वेगळे द्या, ते तुमच्या वहिनींचे आहेत." जेवणाचे पैसे आम्ही वहिनींच्या हाती दिले, आणि त्यांनी मात्र न मोजता ते पदराला बांधले.

मासिकाच्या वाचकांपैकी ज्यांना असा मुक्काम करावयाचा असेल, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द लिहिणे आमचे काम आहे. पितृपक्षापासून नवरात्रापर्यंतचा काळ साधावा. बंदीचा काळ कटाक्षाने टाळावा. खोली ठरविण्यापूर्वी पाणी त्या दिवसांत कोठवर असते हे विचारावे, चित्रावर विश्वासू नये. मच्छरदाणी आणि विजेरी बरोबर असावी. घरात मासळी चालते की नाही हे आधी विचारावे; न चाललयास राग मानू नये. एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात, म्हणून लहान डोंग्यातून आत जाण्याची हौस करू नये. आणि गळ चार अधिक न्यावेत, कारण तळाशी झाडे आहेत.

राहता राहिला भाड्याचा प्रश्न. त्याविषयी आमचे मत त्या तीन दिवसांत पालटले. स्वस्त बिऱ्हाड शोधणे यात कमीपणा काही नाही. मर्यादित प्राप्तीच्या माणसाने ते शोधलेच पाहिजे. परंतु पाण्याकाठी खोली घेताना त्या पाण्याची किंमत आधी कोणी भरली आहे, एवढे विचारून मग घासाघीस करावी. पुढच्या भाद्रपदात आम्ही पुन्हा त्याच दारी गेलो. दाजींनी भाडे विचारताच चारशे सांगितले. आम्ही सहाशे म्हटले. बराच वेळ वाद झाला, आणि शेवटी पाचशेवर मिटला. समोरासमोर बसून.